वाहक म्हणजे रुग्ण नव्हे : सिकलसेलचा निरोप वस्तीपर्यंत कसा न्यावा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात, विहारात, मी सिकलसेलची माहिती सांगत होते. हातात छापील पत्रक होते, तेच वाचून दाखवले. कार्यक्रम संपल्यावर एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "नातीच्या कागदावर वाहक लिहून आहे. तिले एसटीत नोकरी लागली का जी?"

सगळे हसले, मीही हसले. पण चूक आजींची नव्हती. गावात 'वाहक' हा शब्द दिसतो तो एसटी बसमध्ये, 'चालक-वाहक' असा. दुसऱ्या कुठल्या अर्थाने तो त्यांच्यापर्यंत कधी गेलेलाच नव्हता.

त्याच गावात हा शब्द आणखी एका घरात चुकीचा वाचला गेला होता, आणि तिथे हसण्यासारखे काही नव्हते. एका मुलीची सोयरीक ठरत आली होती. मुलाकडच्यांनी तिचा कागद पाहिला, 'सिकलसेल वाहक' वाचले आणि 'मुलीला रोग आहे' म्हणून बोलणे थांबवले. मुलगी पूर्ण निरोगी होती. मुलाची तपासणी झालीच नव्हती आणि ती करावी असे कोणाच्या मनातही आले नाही.

सिकलसेल हा आजार विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजाच्या घराघरांत आहे. गावात त्याची माहिती सांगण्याचे काम बहुतेक वेळा आशाताई, युवक मंडळ, महिला मंडळ किंवा विहाराचे कार्यकर्ते करतात. तेव्हा या आजाराबद्दल नेमके काय सांगायचे, कोणत्या शब्दांत, कुठे, केव्हा आणि काय टाळायचे, याची ही मांडणी आहे.

सिकलसेल म्हणजे काय : सांगता येईल असे

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलच्या रुग्णात त्या कडक होतात आणि धान कापायच्या विळ्यासारख्या वाकतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव आले. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग पुढे रक्त पोहोचत नाही आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य दुखते. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

हे समजावायला बाटली पुरते. अरुंद तोंडाच्या बाटलीतून हरभऱ्याचे दाणे ओतून दाखवा, ते घसरत बाहेर येतात. मग त्यात वाकवलेल्या काड्यांचे तुकडे टाकून ओता. तोंडाशी गुंता होतो आणि मागचे दाणेही अडतात. हे पाहिल्यावर 'अंग का दुखते' हा प्रश्न पुन्हा विचारला जात नाही.

यासोबत चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात:

- हा आजार आईवडिलांच्या रक्तातून येतो. एका ताटात जेवल्याने, जवळ बसल्याने, एकमेकांचे कपडे वापरल्याने तो होत नाही.
- करणी, नजर, मागच्या जन्मीचे पाप यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.
- तो जन्मापासून असतो, मोठेपणी 'लागत' नाही. लक्षणे मात्र साधारण सहा महिन्यांच्या वयानंतर दिसू लागतात.
- गोळ्या-औषधांनी त्रास बराच कमी होतो आणि माणूस शिकू शकतो, काम करू शकतो, संसार करू शकतो.

वाहक आणि रुग्ण : चवळीच्या दाण्यांचा हिशेब

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून याला वेळ द्यावा. प्रत्येक माणसाला रक्ताचा हा गुण दोन वाट्यांत मिळतो, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही वाटे साधे असले तर कागदावर 'एए' लिहितात. एक साधा आणि एक सिकलचा असला तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही सिकलचे असले तर 'एसएस', म्हणजे रुग्ण.

हे दाखवायला पांढरी चवळी आणि लाल चवळी घ्यावी. दोन्ही दाणे हाताला सारखेच लागतात, म्हणून न बघता उचलता येतात. पांढरा दाणा साधा, लाल दाणा सिकलचा. एक वाटी आईची, एक वडिलांची, प्रत्येकीत दोन दाणे. सभेतल्या एखाद्या मुलाला डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलायला सांगा. हातात आले ते मूल. दाणे परत वाटीत टाका आणि पुन्हा उचला. दहा-पंधरा वेळा केले की सगळ्यांना दिसते:

- आईवडील दोघेही एए : सगळी मुले एए.
- एक एए, दुसरा एएस : कोणतेही मूल रुग्ण होणार नाही. प्रत्येक वेळी वाहक होण्याची शक्यता निम्मी.
- दोघेही एएस : प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण साध्या रक्ताची.
- एक एए, दुसरा एसएस : सगळी मुले वाहक, रुग्ण एकही नाही.
- एक एएस, दुसरा एसएस : प्रत्येक वेळी निम्मी शक्यता रुग्णाची, निम्मी वाहकाची.

'प्रत्येक वेळी' या शब्दावर जोर द्यायचा. 'चारात एक' ऐकून लोक समजतात की पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली. तसे नाही. दाणे दर वेळी परत वाटीत जातात आणि हिशेब नव्याने सुरू होतो, म्हणून तर आपण ते परत टाकून दाखवतो.

मग वाहकाबद्दल सांगायचे ते इतकेच : वाहक निरोगी असतो, त्याला सिकलसेलचे औषध लागत नाही, शेतीकाम, खेळ, नोकरी, लग्न, बाळंतपण कशालाच आडकाठी नाही. त्याच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच, की जोडीदाराचे रक्त कसे आहे.

तपासणीच्या कागदातही एक खाच आहे. शिबिरात आधी बोटातल्या थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते. ती 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे रक्तात सिकलचा गुण आहे इतकेच कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. तिचा निकाल हातात येईपर्यंत कोणाला 'तुला सिकल आहे' असे म्हणू नये. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये.

'आपल्याच समाजात का?'

हा प्रश्न प्रत्येक वस्तीत येतो आणि त्याच्या मागे लाज असते. त्याचे उत्तर जंगलात आणि डासात आहे. ज्याच्या रक्तात सिकलचा एकच वाटा असतो, त्याला हिवताप झाला तरी तो जीवघेणा होण्याची शक्यता कमी असते. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिले. जिथे हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मेली, तिथे हा गुण टिकला. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य सागराच्या काठचे देश आणि मध्य भारताचे जंगल, सगळीकडे हीच गोष्ट आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांना जगवणाऱ्या गुणाचा तो दुसरा वाटा आहे.

लग्ने पिढ्यान्‌पिढ्या त्याच समूहात होत राहिली, की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न केल्याने, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. रक्ताच्या या हिशेबातही तो धागा दिसतो. मात्र 'बाहेर लग्न केले म्हणजे झाले' असे सांगू नये. हा गुण इतर समाजांतही आहे, तपासणी दोघांचीही लागतेच.

तरुणांना आणखी एक इतिहास सांगण्यासारखा आहे. ज्यांच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीने १९७१ पासून आपल्या मोफत दवाखान्यांतून आणि वस्त्यांतून सिकलसेलची तपासणी मोहीम चालवली. काळ्या लोकांच्या या आजाराकडे सरकारने दुर्लक्ष केले, असा त्यांचा आरोप होता. १९७२ मध्ये तिथे सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा झाला.

पण त्याच काळात तिथल्या काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि वाहक व रुग्ण यांतला फरक नीट सांगितला नाही. निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात अडचणी आल्या. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत तर वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. तपासणी झाली, पण समजावणे मागे राहिले आणि ज्यांच्यासाठी मोहीम होती त्यांच्याच कपाळावर शिक्का बसला. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर होत असताना समजावणे मागे राहिले, तर तीच चूक आपल्या गावांत घडेल.

गडचिरोलीने आधी शिकवलेले धडे

लोकांच्या भाषेत आरोग्य कसे न्यावे, याचा मोठा प्रयोग आपल्याच भागात झाला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेमार्फत १९८६ पासून गडचिरोलीत काम सुरू केले. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाला थेट लागू पडतात.

पहिली, साधन माणसाच्या हाताप्रमाणे हवे. लहान मुलाच्या न्यूमोनियाची खूण म्हणजे वेगाने चालणारा श्वास. पण पन्नास-साठपर्यंत मोजणे आणि त्याच वेळी घड्याळ बघणे कमी शिकलेल्या कार्यकर्त्याला जमत नाही. म्हणून 'सर्च'ने एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असे साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. ज्याला दहापर्यंत मोजता येते, त्याला निदान करता येते.

दुसरी, ज्याला सांगायचे त्याला आधी विचारावे. आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते, हे त्यांनाच विचारले गेले. मोठी इमारत, न समजणारी भाषा, नातेवाइकांना बाहेर ठेवणे आणि डॉक्टर-नर्सचे कफनासारखे पांढरे कपडे, अशी कारणे पुढे आली. मग शोधग्राममधला दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा बांधला आणि त्याला लोकांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे नाव दिले.

तिसरी, गावातल्या बाईवर विश्वास ठेवावा. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून नवजात बाळाच्या काळजीचे शिक्षण दिले. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो काही वर्षांत २५ च्या आसपास आला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यामागे हा अनुभव आहे.

कोणत्या भाषेत?

गडचिरोली जिल्ह्यात १२ तालुके आहेत. भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोरा-कोरची भागात गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वस्त्यांत बंगाली आणि बाकी झाडीपट्टीत आपली झाडीबोली. चंद्रपूरच्या जिवती-कोरपना भागात कोलामी आणि गोंडी ऐकू येते. पुण्या-मुंबईच्या मराठीतले पत्रक यातल्या बहुतेकांसाठी परकेच.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांना विनंती केली की, वेगवेगळ्या प्रांतांतले लोक आपापल्या बोलीत आपले वचन बिघडवतात, तर ते छंदात, म्हणजे वेदांच्या भाषेत बांधून ठेवू द्यावे. तथागतांनी त्यांना नकार दिला आणि धम्म आपापल्या बोलीत शिकण्याची परवानगी दिली. ज्या धम्माने लोकांच्या बोलीला हा मान दिला, त्याच्या कार्यकर्त्यांनी 'अनुवंशिक रक्तविकाराचे समुपदेशन' अशा भाषेत बोलू नये.

शब्द कसे बदलता येतील, याची ही छोटी यादी:

- 'वाहक' एकटा वापरू नये. 'रक्तात सिकलचा एक वाटा आहे, आजार नाही' असे पूर्ण वाक्य म्हणावे. कागदावर 'वाहक' लिहिलेले असतेच, म्हणून 'एसटीतला वाहक नव्हे' हेही हसत सांगून टाकावे.
- 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' टाळावे. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगले की वाईट, यात शिकलेलेही अडखळतात.
- 'अनुवंशिक' ऐवजी 'आईवडिलांच्या रक्तातून आलेला'. 'शिवल्याने होत नाही' असे न म्हणता 'जवळ बसल्याने, सोबत जेवल्याने होत नाही' म्हणावे. 'शिवणे' हा शब्द आपल्या समाजाने फार सोसला आहे.
- 'रक्तक्षय' ऐवजी 'रक्त कमी असणे'. 'क्रायसिस' ऐवजी 'दुखणे उठणे'.
- 'भरपूर पाणी प्या' पुरेसे नाही. 'मोठ्या माणसाने दिवसाला साधारण तीन लिटर. तेंदूपत्त्याला जाताना दोन लिटरची बाटली सोबत, घरी येईपर्यंत ती रिकामी' असे मापात सांगावे.
- 'थंडीपासून जपा' ऐवजी 'रोवणीत दिवसभर चिखलात उभे राहू नका, ओले कपडे लगेच बदला'.

रुग्णाच्या घरी सांगायच्या गोष्टी

फोलिक ॲसिडची गोळी रोज. हायड्रॉक्सियुरिया हे औषध दुखण्याचे प्रसंग कमी करते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यायचे. दिवस राहिले असतील किंवा राहण्याचा विचार असेल, तर ते आधी डॉक्टरांना सांगायचे.

इथे दोन संदेशांची टक्कर होते. शाळेत आणि अंगणवाडीत 'रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्या' असे सांगितले जाते आणि ते बहुतेकांसाठी बरोबर आहे. पण सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त लोह कमी असल्यामुळेच कमी असते असे नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह साचू शकते. त्याने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. वाहकाला हे बंधन नाही.

पुढील खुणा दिसल्या तर घरी वाट बघू नये, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे:

- जोराचा ताप, विशेषतः लहान मुलाला
- छातीत दुखणे, दम लागणे
- हात-पाय लुळे पडणे, बोलताना जीभ अडखळणे, झटके येणे
- मूल एकदम पांढुरके पडणे, पोट डावीकडे फुगणे
- नेहमीच्या गोळीने न थांबणारे दुखणे

मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या कुटुंबांना निघण्याआधी आठवण द्यावी की सिकलसेल कार्ड आणि पुरेल इतक्या गोळ्या सोबत घ्याव्यात. तिकडच्या डॉक्टरला कार्ड दिसले, तर उपचारात वेळ जात नाही.

कुठे आणि केव्हा

आपल्याकडे जागाही आहेत आणि तारखाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात गावोगावच्या विहारांत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. हेच महिने हिवतापाचे आणि रोवणीतल्या थंडीचे. वाचनानंतरची दहा मिनिटे मागून घ्यावीत आणि एका संध्याकाळी एकच मुद्दा घ्यावा : आज चवळीचा हिशेब, उद्या तापाच्या खुणा, परवा मच्छरदाणी. तीन महिन्यांत जेवढे मुरते, तेवढे एका दिवसाच्या शिबिरात मुरत नाही.

नागपूरनंतर बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला तिथल्या दीक्षाभूमीवर दोन्ही जिल्ह्यांतून लोक येतात. १४ एप्रिलची जयंती आणि बुद्धपौर्णिमाही आहेच. अशा गर्दीत लांब भाषण पोहोचत नाही. एक टेबल, दोन वाट्या, चवळी आणि तपासणी कुठे होते याची चिठ्ठी एवढे पुरते.

दिवाळीनंतर देसाईगंज-वडसा येथून निघणारी झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात आणि सगळा गाव जागा असतो. आंबेडकरी जलशाने तर न वाचणाऱ्या माणसापर्यंत चळवळ नेली. गावात गाणारा कलावंत असेल, तर त्याच्या हातात पत्रक न देता आधी त्याला चवळीचा हिशेब समजावून द्यावा, शब्द तो स्वतः शोधेल. माडिया आणि गोंडी गावांत तर छापण्यापेक्षा त्या बोलीतल्या माणसाच्या आवाजात दोन मिनिटांचा निरोप मोबाइलवर भरून पाठवणे अधिक उपयोगी पडते.

निकाल हा ज्याचा त्याचा

एका शिबिरानंतर तपासणीची यादी नावांसह भिंतीवर लावलेली मी पाहिली आहे. लावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, लोकांना निकाल लवकर कळावा इतकाच होता. पण ती यादी वाचून गावाने मुलींची नावे लक्षात ठेवली, मुलांची नाही.

म्हणून काही नियम पाळावेत. निकाल ज्याचा त्याला, बाजूला बसवून सांगावा. मुलाचा निकाल आईवडिलांनाच सांगावा. भोंग्यावर, व्हॉट्सॲपच्या गटावर, विहाराच्या फळ्यावर कोणाचे नाव येऊ नये. सभेत उदाहरण देताना गावातल्या कोणाकडे बोट दाखवू नये.

लग्नाचा निरोप विशेष जपून द्यावा. 'सिकल असलेल्या मुलीशी लग्न करू नका' असे कोणी म्हणत नाही, पण ऐकणाऱ्याला तेच ऐकू येते. म्हणून निरोप असा असावा : 'पसंतीच्या आधी मुलगा आणि मुलगी दोघांनीही रक्त तपासा.' दोघांच्या तपासणीची सुरुवात मुलापासून करावी. दोघे वाहक निघाले आणि तरी त्यांनी लग्न केले, किंवा लग्नानंतर कळले, तर त्यांना दोष देऊ नये. दिवस राहताच लवकरात लवकर डॉक्टरांशी बोलावे. गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रांत होऊ शकते आणि पुढचा निर्णय त्या जोडप्याचा असतो. वधू-वर मेळावे भरवणाऱ्या आपल्या संघटनांनी नोंदणीपूर्वी दोन्ही बाजूंना खासगीत तपासून घेण्याचा आग्रह धरला, तर बऱ्याच सोयरिकी मोडायच्या वाचतील.

हक्कांची माहिती

सिकलसेल आजार दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाच्या यादीत आहे. वाहकांना हा कायदा लागू नाही, रुग्णांना आहे. तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र मिळवता येते. रुग्ण विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळेची सवलत आहे, एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवासाची सवलत आहे आणि शासकीय रक्तपेढीतून रक्त मोफत मिळते. बारावीच्या मुलाला 'जादा वेळ मागता येतो' हे परीक्षेनंतर कळून उपयोग नाही. गावातल्या रुग्णांचे कागद शाळा सुरू होतानाच पूर्ण करून देणे, हे युवक मंडळाने घेण्यासारखे काम आहे.

निरोप पोहोचला का?

'समजले का?' असे विचारले की सगळे मान हलवतात. त्याऐवजी म्हणावे, 'मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे. घरी गेल्यावर सासूबाईंना हे कसे सांगाल?' मग ऐकावे. उत्तरात 'वाहक म्हणजे थोडा रोग' आले, तर आपले सांगणे चुकले. पुन्हा वाट्या मांडाव्यात.

नवीन पत्रक छापण्याआधी ते पाच जणांना वाचून दाखवावे : एक आजी, एक शेतमजूर, एक कॉलेजची मुलगी, एक आशाताई आणि घरात रुग्ण असलेला एक माणूस. ते अडतील तो शब्द काढावा.

त्या आजींच्या प्रश्नानंतर मी पत्रक बाजूला ठेवले आणि पुढच्या वेळी चवळी घेऊन गेले. आजींना पुढे बसवले आणि दाणे त्यांनाच उचलायला लावले. पाचव्यांदा उचलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे माही नात चांगली आहे. आता त्या पोराचं रगत पाहा." आजींना जे कळले, ते प्रत्येक वस्तीत कळेपर्यंत आपले काम आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.